स्वतःला सांवरणारें विमान
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



माझ्या लहानपणीं आमच्या गांवांत स्टेशनापासून पेठेपर्यंत टांगे चालत. त्यांतल्या एका वृद्ध टांगेवाल्याची मला अजून आठवण होते. त्याचा नेहमींचा घोडा एकदां आजारी पडला, तेव्हां त्यानें शेजाऱ्याचा घोडा मागून आणून टांग्याला जुंपला. हा घोडा तोंडाचा मोठा कठीण. लगाम कितीहि ओढा, त्याची त्याला दाद नसे. मी पुढें म्हाताऱ्याच्या शेजारींच बसलों होतों. पहिल्या वळणावर टांगा गटाराच्या कडेपर्यंत गेला. दुसऱ्या वळणावर म्हाताऱ्यानें लगाम आधींच आंखडला. तिसरें वळण आलें तेव्हां घोडा बदलला आहे हें मागें बसलेल्या मंडळींच्या लक्षांतहि आलें नसेल. मी विचारलें, "आजोबा, एवढ्यांत घोडा कसा ओळखलात?" तो म्हणाला, "हाताला कळतं, पोरा."

हें हाताला कळणें म्हणजे काय? लगाम ओढावयाचा, घोडा किती वळला तें पाहावयाचें, मनांतल्या वळणाशीं तें ताडून पाहावयाचें, आणि अंतर पडलें तर पुढच्या खेपेस ओढण्याचें माप बदलावयाचें. हेंच काम विमानांतील यंत्रानें करावें, म्हणजे वेग बदलला, उंची बदलली, किंवा विमानाचा एखादा अवयवच तुटून पडला, तरी नियंत्रणाचें माप यंत्रानें आपण होऊन बदलावें, या विद्येला अनुकूलनशील नियंत्रण असें म्हणतात. तिचा आरंभ १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या वायुदलाच्या आश्रयानें झाला, आणि विश्वासानें वापरतां येईल असें रूप तिला येण्यास सुमारें चाळीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं एक माणूस प्राणास मुकला. हीं चाळीस वर्षें कशांत गेलीं, तें आज आपल्याला सांगावें असा माझा विचार आहे. मी शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढचें गणित मी कोणत्याहि परीक्षेसाठीं शिकलेलों नाहीं. तेव्हां सूत्रें सांगणार नाहीं. आणि खरें म्हणजे सूत्रें ही नभोवाणीवरून ऐकण्याची वस्तूच नव्हे.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीला बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या फळ्या असतात. फळी किंचित् वळविली कीं तिच्यावर हवेचा दाब येतो, आणि त्या दाबानें विमान कलतें, वळतें, किंवा नाक वरखालीं करतें. हा दाब हवेच्या घनतेच्या प्रमाणांत वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. वेग दसपट झाला तर दाब शंभरपट. उलट तीस किलोमीटर उंचीवर गेलें तर हवेची घनता जमिनीवरच्या घनतेच्या शंभरांत दीड भाग एवढीच उरते. म्हणजे जी फळी खालीं वेगांत असतांना एक अंश वळविली तर विमान दचकून वळेल, तीच वर विरळ हवेंत दहा अंश वळविली तरी विमान ढिम्म राहील. घोडा तोच, परंतु त्याचें तोंड या क्षणीं मऊ तर पुढच्या क्षणीं लोखंडासारखें!

आतां फळ्या माणसाच्या हातीं असोत कीं यंत्राच्या, दुरुस्ती किती करावयाची याचें माप ठरवावेंच लागतें. विमान एक अंश कललें तर फळी किती अंश वळवावयाची, या मापाला आपण गुणक म्हणूं. गुणक लहान असला तर विमान सुस्तावल्यासारखें होतें आणि सांवरण्यास उशीर लागतो. गुणक फार मोठा असला तर काय होतें, याचा अनुभव प्रत्येक गृहस्थाला स्नानगृहांत आलेला असतो. पाणी गार लागलें म्हणून आपण गरम पाण्याचा नळ भरपूर सोडतों. गरम पाणी नळींतून येण्यास वेळ लागतो, तोंवर आपण नळ आणखी फिरवितों. मग एकदम अंग पोळतें, म्हणून घाईघाईनें नळ बंद करतों, आणि पुन्हां हुडहुडी भरते. दोष नळाचा नसतो. पाण्याला यावयास उशीर लागतो आणि आपल्या हाताचा गुणक मोठा असतो, एवढेंच. विमानांतहि हेंच घडतें. मात्र तेथें हुडहुडीवर भागत नाहीं. हेलकावे वाढत जातात आणि विमान मोडतें.

यंत्राच्या हातीं विमान सोंपविण्याची कल्पना फार जुनी आहे. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चें. त्यानंतर अकरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८ जून १९१४ रोजीं, लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकनानें पॅरिसजवळ सेन नदीवरून दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखविलें, आणि त्याचा मदतनीस एमिल काशँ हा उडत्या विमानाच्या पंखावर चालत गेला! एका बाजूला माणसाचा भार पडला असतांहि भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रानें विमान समतल ठेवलें. परंतु स्पेरीच्या यंत्राचा गुणक कायमचा ठरलेला होता. त्या काळचीं विमानें सगळीं मंद आणि थोड्या उंचीवरून जाणारीं. त्यांना एकच माप पुरत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानें आलीं आणि हें एक माप निरुपयोगी झालें. इंजिनीयरांनीं त्यावर जो उपाय काढला तो अगदीं आपल्या व्यापाऱ्यांच्या रेडी रेकनरसारखा होता. अमुक वेग व अमुक उंची असली तर अमुक गुणक, असें कोष्टकच तयार करावयाचें. विमानांतील उपकरणें वेग व उंची मोजतात आणि त्यांबरहुकूम यंत्र कोष्टकांतला गुणक उचलतें. ही पद्धत आजहि चालते, आणि उत्तम चालते. पण तिला दोन खोडी आहेत. एक अशी कीं कोष्टकांतला एकूणएक आंकडा वायुबोगद्यांत आणि प्रत्यक्ष उड्डाणांत पारखून घ्यावा लागतो. त्यांत वर्षें जातात. दुसरी खोड अधिक वाईट. कोष्टक तयार करणाऱ्याच्या स्वप्नांतहि न आलेला प्रसंग ओढवला तर कोष्टक मुकें होतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे आत्मविश्वासानें चुकीचें उत्तर देतें. तोंडपाठ करून आलेला विद्यार्थी प्रश्नाची भाषा थोडी बदलली कीं काय करतो, हें मीं तीस-बत्तीस वर्षें पाहिलेलें आहे.

वायुदलाला नेमकी याच प्रसंगाची धास्ती होती. ज्या वेगाचे व ज्या उंचीचे आंकडे कोणापाशींच नाहींत तेथें त्यांना विमान न्यावयाचें होतें. म्हणून ओहायो प्रांतांतील राइट विमानतळावरच्या वायुदलाच्या संशोधन केंद्रानें स्वतःचें माप स्वतः ठरविणाऱ्या यंत्रांचा पाठपुरावा सुरू केला, आणि १९५९ च्या आरंभीं या एकाच विषयावर परिषद भरविली. निरनिराळ्या संस्थांनीं निरनिराळ्या कल्पना मांडल्या. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं काढलेली कल्पना मला शाळामास्तर म्हणून फार आवडते. यंत्राच्या पोटांत एक आदर्श विमान गणिताच्या रूपानें ठेवावयाचें. वैमानिकानें दांडा हलविला कीं आदर्श विमान कसें वळलें असतें तें यंत्र काढतें, खरें विमान कसें वळलें तें पाहतें, आणि दोहोंतील फरक कमी होईल अशा बेतानें आपले गुणक बदलीत जातें. हा कित्ताच झाला! वर सुंदर अक्षर काढलेलें आहे. मूल खालीं गिरवितें, ताडून पाहतें, पुढच्या ओळींत हात सुधारतें.

दुसरी कल्पना हनीवेल कंपनीची. ती याहून साधी, आणि प्रत्यक्ष उड्डाणांत मोठ्या कसोटीला उतरली ती हीच. तंबोरा लावतांना आपण खुंटी पिळीत पिळीत तार चढवितों आणि हवा तो स्वर आला कीं थांबतों. हनीवेलचें यंत्र तसेंच गुणक वाढवीत वाढवीत नेई. गुणक फार मोठा झाला कीं हेलकावे सुरू होतात हें आपण पाहिलेंच; त्या हेलकाव्यांच्या उंबरठ्यावर फळ्यांत एक अगदीं बारीक थरथर येते. ती जाणवली कीं यंत्र तेथें थांबे. थरथर वाढली तर गुणक उतरवी, विरली तर पुन्हां चढवी. हवा विरळ असो कीं दाट, वेग किती आणि उंची किती हें विचारण्याची त्याला गरजच नव्हती. म्हाताऱ्याच्या हातासारखें त्याला लगामांतूनच कळे.

एम. एच.-९६ या नांवाचें हें यंत्र एक्स-१५ विमानांत बसविण्यांत आलें. एक्स-१५ हें अग्निबाणाच्या जोरावर उडणारें संशोधन-विमान. अमेरिकेचें वायुदल, नौदल आणि नासा ही संस्था या तिघांचा हा संयुक्त उपक्रम होता. अशीं तीन विमानें बांधलीं गेलीं आणि १९५९ ते १९६८ या काळांत त्यांचीं मिळून १९९ उड्डाणें झालीं. मोठ्या बी-५२ विमानाच्या पंखाखालीं लटकवून त्याला उंच नेत आणि तेथें सोडून देत. मग तें आपलें इंजिन पेटवी. ऑक्टोबर १९६७ मध्यें त्यानें ध्वनीच्या ६.७ पट वेग गांठला. तिसऱ्या विमानानें तर २२ ऑगस्ट १९६३ रोजीं ३,५४,२०० फूट, म्हणजे जवळ जवळ १०८ किलोमीटर उंची गांठली. तेथें फळ्यांना पकडावयास हवाच नसते. वायूच्या बारीक फवाऱ्यांनीं विमान वळवावें लागतें. फळ्या कोठें संपतात आणि फवारे कोठें सुरू होतात हेंहि या तिसऱ्या विमानांतील एम. एच.-९६ हें यंत्र आपण होऊन सांभाळी. एवढ्या विशाल फरकाच्या प्रदेशाचें कोष्टक कोण आणि कसें करणार?

या यंत्राची परीक्षा घेण्याच्या कामीं ज्यांचा हात होता त्यांत नील आर्मस्ट्राँग होते. चंद्रावर उतरण्यास त्यांना अजून सात वर्षें अवकाश होता. २० एप्रिल १९६२ च्या उड्डाणांत विमानावर ठराविक मर्यादेपेक्षां जास्त ताण येऊं न देणारा यंत्राचा भाग ते पारखीत होते. त्या नादांत खालीं येतांना त्यांनीं विमानाचें नाक वर धरून ठेवलें, आणि पाण्यावर तिरपा फेंकलेला चपटा दगड उसळावा तसें विमान वातावरणावरून पुन्हां वर गेलें. उतरण्याची जागा मागें राहिली. विमान पासाडेना शहराच्या बाजूला जाऊन पोंचलें. इंजिन बंद, इंधन नाहीं. आर्मस्ट्राँग यांनीं तें वळवून कसेंबसें परत आणून उतरविलें. यंत्राच्या परीक्षेंत माणूसच उत्तीर्ण झाला, असें कोणी थट्टेनें म्हणेल.

१५ नोव्हेंबर १९६७ ची हकीकत थट्टेची नाहीं. त्या दिवशीं तिसरें विमान मायकेल अ‍ॅडम्स चालवीत होते. वय सदतीस, एक्स-१५ मधलें त्यांचें हें सातवें उड्डाण. चढतांनाच विमानांत ठेवलेल्या एका प्रयोगाच्या उपकरणामुळें वीजप्रवाहांत बिघाड झाला आणि नियंत्रणांत व्यत्यय येऊं लागला. २,६६,००० फुटांच्या माथ्यावर विमानाचें नाक प्रवासाच्या दिशेपासून बाजूला सरकत होतें. समोरचें दर्शकयंत्र वाचण्यांत अ‍ॅडम्स यांची गल्लत झाली असावी, त्यांना भोंवळहि आली असावी, असा चौकशींत निष्कर्ष निघाला. विमान आडव्या अंगानें वातावरणांत शिरलें आणि ध्वनीच्या पांचपट वेगांत भोंवऱ्यासारखें गरगर फिरूं लागलें. एवढ्या वेगांतल्या गिरकीतून विमान कसें सोडवावें याचा धडा कोणत्याहि पुस्तकांत नव्हता. तरीहि तें सुटलें! १,१८,००० फुटांवर, वैमानिकाचे प्रयत्न आणि विमानाचा स्वभाव यांच्या मेळानें, गिरकी थांबली. विमान उलटें होतें, खालीं कोसळत होतें, पण अजून उंची भरपूर होती.

आणि येथें यंत्रानें घात केला. गिरकीतून बाहेर पडतां पडतांच एम. एच.-९६ च्या त्या बारीक थरथरीचे मोठे हेलकावे झाले. फळ्या हलविणाऱ्या यंत्रणेलाहि एक कमाल वेग असतो. फळ्या त्या कमाल वेगानें मागेंपुढें होऊं लागल्या आणि तेथेंच अडकल्या. विमान दर सेकंदाला अधिक दाट हवेंत उतरत होतें. अशा वेळीं गुणक झपाट्यानें उतरावयास हवा होता. परंतु ज्या थरथरीवरून यंत्राला हवेची पारख व्हावयाची ती थरथरच त्याच्या हातांतून निसटली होती. गुणक उतरला नाहीं. दाट हवेंत विरळ हवेचा लगाम! वजनाच्या पंधरापट ताण विमानावर आला आणि सुमारें ६२,००० फुटांवर त्याचे तुकडे झाले. अ‍ॅडम्स त्यांत गेले. फ्लॉरिडांतील अंतराळवीरांच्या स्मारकावर १९९१ मध्यें त्यांचें नांव कोरण्यांत आलें.

सगळा दोष यंत्राच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. हेंच विमान हेंच यंत्र घेऊन त्यापूर्वीं चौसष्ट वेळां सुखरूप परत आलें होतें. पण या अपघातानें एक प्रश्न उघडा पडला, आणि तो मला या सर्व कथेचा गाभा वाटतो. यंत्र आपलें माप आपण बदलतें हें चांगलें. पण तें सर्व परिस्थितींत योग्य दिशेनेंच बदलेल याची हमी काय? ६४ वेळां यश आलें ही हमी नव्हे. व्हिटेकरांच्या कित्त्याच्या पद्धतींतहि हीच उणीव होती. बहुतेक वेळां ती चाले, पण कधीं आणि कां बिघडेल तें सांगतां येत नसे. परिणामीं वैमानिकांचा आणि त्यांच्या वरिष्ठांचा या विद्येवरचा विश्वास उडाला, आणि नवीं लढाऊ विमानें बांधणारे लोक पुन्हां आपल्या कोष्टकांकडे वळले.

मग काम गेलें गणितज्ञांकडे. रशियन गणिती ल्यापुनॉव्ह यानें १८९२ मध्यें गतीच्या स्थैर्याविषयीं एक प्रबंध लिहिला होता. त्याच्या रीतीनें कित्त्याची पद्धत पुन्हां बांधली तर तिच्या स्थैर्याची हमी देतां येईल, हें इंग्लंडांतील पार्क्स यानें १९६६ मध्येंच दाखविलें होतें. पुढें अनेकांनीं तो धागा उचलला. येल विद्यापीठांतील कुंपटी नरेंद्र या मूळच्या मद्रासच्या विद्वानाचें नांव त्यांत अग्रभागीं येतें. १९८० च्या सुमारास सिद्धता पूर्ण झाल्या आणि सर्वांना हायसें वाटलें. तें हायसें वाटणें फार टिकलें नाहीं. १९८२ च्या सुमारास चार्ल्स रोर्स आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं या सिद्धता कागदावरच्या विमानाला लागू आहेत. खऱ्या विमानाचे पंख किंचित् लवतात, यंत्रांना किंचित् उशीर लागतो, वाऱ्याचे धक्के बसतात, आणि असलें कांहीं क्षुल्लक सिद्धतेबाहेर राहिलें तर गुणक हळूहळू भरकटून सारें कोसळूं शकतें. मोठा वाद झाला. मला यांत रोर्स यांचे उपकार वाटतात. चूक वर्गांतच दाखविणारा विद्यार्थी मास्तराला आवडत नसला तरी तोच पुढें वर्गाच्या उपयोगीं पडतो. त्यानंतरच्या दशकांत गुणकांना मर्यादा घालणें, फरक अगदीं लहान असला तर शिकणें थांबविणें, अशा युक्त्या शास्त्रशुद्ध रीतीनें बसविल्या गेल्या.

त्याच काळांत यंत्रहि बदललें. २५ मे १९७२ रोजीं नासाच्या गॅरी क्रायर यांनीं एफ-८ जातीचें एक जुनें लढाऊ विमान उडविलें. त्यांत वैमानिकाचा दांडा आणि फळ्या यांना जोडणाऱ्या सळ्या व तारा नव्हत्याच. मध्यें होतें अंकांवर चालणारें गणकयंत्र, आणि तेंहि चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांसाठीं बनविलेलें. वैमानिक फक्त इच्छा सांगे; फळ्या गणकयंत्र हलवी. कित्ता गिरविणारें गणित चालविण्यास आतां जागा मिळाली.

आतां गरज कशी पालटली तें पहा. १ मे १९८३ रोजीं इस्रायलमध्यें सरावाच्या वेळीं एफ-१५ विमानाची दुसऱ्या विमानाशीं टक्कर होऊन उजवा पंख जवळ जवळ समूळ उडाला. वैमानिकानें वेग फार मोठा ठेवून विमान उतरविलें. पंख गेला आहे हें त्याला उतरल्यावर कळलें! म्हणजे मोडकें विमानहि उडूं शकतें, प्रश्न तें कोण सांवरतो एवढाच आहे. नंतर १९ जुलै १९८९ ची गोष्ट. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या डी. सी.-१० विमानाच्या शेपटींतील इंजिनाची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनीं फळ्या हलविणाऱ्या तेलाच्या तिन्ही नळ्या तोडल्या. एकहि फळी हलेना. कप्तान अल् हेन्स, त्यांचे दोन सहकारी, आणि प्रवासी म्हणून बसलेले एक वैमानिक-शिक्षक, या चौघांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून तें सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणलें. उतरतांना विमान उलटलें, मोडलें, पेटलें. विमानांतील २९६ माणसांपैकीं ११२ दगावलीं, १८४ वांचलीं. वांचलेल्यांचा आंकडा ज्यांनीं ऐकला त्यांना तो चमत्कार वाटला.

त्या चौघांनीं हातानें केलें तें गणकयंत्रानें करावें, असा विचार नासाच्या एडवर्ड्स येथील केंद्रांतील बिल बर्कम यांनीं मांडला, आणि १९९३ मध्यें एक एफ-१५ व २९ ऑगस्ट १९९५ रोजीं एम. डी.-११ हें तीन इंजिनांचें मोठें विमान, फळ्यांना हात न लावतां, केवळ इंजिनांच्या जोरावर सुखरूप उतरविण्यांत आलें. प्रवासी विमानांत ही सोय मात्र बसविली गेली नाहीं. असे प्रसंग फार क्वचित् येतात, मग खर्च कशाला, हा हिशेब. २२ नोव्हेंबर २००३ रोजीं बगदादजवळ क्षेपणास्त्र लागलेलें एक मालवाहू एअरबस तिघां माणसांनीं पुन्हां हातानेंच, इंजिनांवरच, उतरविलें.

सैन्याचा हिशेब वेगळा असतो. युद्धांत विमानाला गोळा लागणें हा क्वचित् येणारा प्रसंग नव्हे. शिवाय रडारला दिसूं नये म्हणून शेपटीच नसलेलें विमान त्यांना हवें होतें, आणि शेपटीवांचून विमान हें टेकूवांचून सायकल उभी करण्यासारखें आहे. डिसेंबर १९९८ मध्यें एक्स-३६ या बिनशेपटीच्या, दुरून चालविल्या जाणाऱ्या लहान विमानावर वायुदलाच्या प्रयोगशाळेनें शिकणारें नियंत्रण पारखलें. उडतांना एक फळी निकामी झाली असें भासविलें आणि यंत्रानें उरलेल्या फळ्यांना नवें काम वांटून दिलें. २००८ मध्यें डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या खर्चानें एफ-१८ च्या उडत्या नमुन्याचा एका बाजूचा साठ टक्के पंख आकाशांत मुद्दाम सोडून देण्यांत आला. नमुना कलला, सांवरला आणि आपला आपण उतरला.

परंतु या विद्येचें पहिल्या कांहींतलें जें फळ कारखान्यांतून खऱ्या वापरांत गेलें तें कोणतें, हें आपल्याला सांगणें माझें कर्तव्य आहे. तें बाँब. साध्या बाँबला शेपटी व पंखे जोडून त्याला नेमक्या जागीं नेणारें जे. डॅम नांवाचें साधन आहे. त्याच्या कांहीं प्रकारांत बोइंग कंपनीनें हें नियंत्रण घातलें, कारण त्यामुळें आकार बदललेल्या प्रत्येक बाँबसाठीं नवें कोष्टक करण्याचा खर्च वांचतो. ल्यापुनॉव्हचें गणित, अ‍ॅडम्सचे प्राण, आणि शेवटीं ही काटकसर! वाचतांना मला वाईट वाटलें. पण वीस-वीस वर्षें फळ न धरणाऱ्या झाडाला पाणी घालीत बसणारा व्यापारी मीं पाहिलेला नाहीं. तें पाणी युद्धखात्यानें घातलें हें सत्य आहे, आणि झाड कोणाच्या अंगणांत वाढलें त्यावर पहिलें फळ कोणाच्या हातीं पडणार हें ठरतें.

आपल्याकडच्या श्रोत्यांना येथें 'तेजस'ची आठवण होईल. तें विमान मुद्दाम अस्थिर घडविलेलें आहे. गणकयंत्रावांचून तें क्षणभरहि सरळ उडणार नाहीं. त्याचे नियंत्रणाचे नियम बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेंतील पथकानें तयार केले. मे १९९८ च्या पोखरण येथील चांचण्यांनंतर अमेरिकन कंपनीचें साहाय्य बंद झालें, तरी ४ जानेवारी २००१ रोजीं विंग कमांडर राजीव कोठियाल यांनीं तें प्रथम उडविलें. तेजसची पद्धत कोष्टकाचीच आहे, आणि त्यांत कमीपणा नाहीं. कोष्टकांतला आंकडा अन् आंकडा आपल्या लोकांनीं स्वतः उडवून पारखलेला आहे.

प्रवासी विमानांत शिकणारें यंत्र कां येत नाहीं, असें मला एका शेजाऱ्यानें विचारलें. कारण परवानगी देणारे अधिकारी म्हणतात, यंत्र अमुक प्रसंगीं काय करील तें आधीं दाखवा. जें यंत्र शिकतें तें उद्यां काय करील हें आज सांगणें कठीण. आणि शिकणाऱ्याच्या हातून काय होऊं शकतें हें १९६७ मध्यें दिसलेलें आहे. म्हणून मधला मार्ग काढलेला आहे. खालीं जुनें, पारखलेलें नियंत्रण कायम ठेवावयाचें. शिकणारा भाग त्याच्यावर भर घालील, पण ठराविक मर्यादेपर्यंतच. नासाच्या ८३७ क्रमांकाच्या एफ-१५ विमानावर २००३ पासून अशा नियंत्रणाचे प्रयोग झाले. शेपटीची एक फळी अडकली असें भासवून यंत्राला तें सांवरावयास लावीत. कांहीं वेळां त्यानें सुरेख सांवरलें. कांहीं वेळां मात्र वैमानिक आणि यंत्र दोघेहि एकाच वेळीं दुरुस्ती करूं लागले आणि त्यांची ओढाताण झाली. हें विमान १९७३ सालचें. २००९ च्या आरंभीं तें निवृत्त झालें. त्याच्या गणकयंत्रांत शिकणाऱ्या भागावर पाळत ठेवणारा एक वेगळा भाग होता. मर्यादा ओलांडली गेली कीं तो शिकणाऱ्याला तत्क्षणीं बाजूला करी, आणि विमान पुन्हां जुन्या कोष्टकाच्या स्वाधीन होई. तेंच काम करणारी एक कळ वैमानिकाच्या हाताशींहि ठेवलेली होती.